नोटिशीतला चैत्र

हिंजवडीला आमच्या बसच्या थांब्याजवळ एक नीलमोहर आहे. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही, मीही नाही. बस वेळेवर येईल का, आणि आली तर खिडकीची जागा मिळेल का, एवढ्याच दोन काळज्या घेऊन आम्ही तिथे उभे असतो. पण शिमगा झाला की त्या झाडावर पानांआधी फुलंच दिसायला लागतात, खाली थांबलेल्या बसच्या टपावर जांभळा सडा पडतो, आणि मला कळतं की आता ऑफिसात केक यायला लागणार.

हे केक वाढदिवसाचे नव्हेत, जाणाऱ्यांचे. वर्ष संपत आलं, पगारवाढीचं पत्र मनासारखं आलं किंवा आलं नाही, की आमच्या धंद्यात माणसं जागा बदलतात. ‘आज माझा शेवटचा दिवस’ अशी मेल सगळ्यांना जाते, ज्यांनी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांनासुद्धा. मग मीटिंगच्या खोलीत केक कापायचा, एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने ‘टच में रहना यार’ म्हणायचं, आणि हाताला लागलेलं क्रीम पुसत सगळ्यांनी आपापल्या जागेवर परतायचं. शेतकऱ्याला सुगी असते, पोरांना परीक्षा असतात, तसा आम्हाला हा नोटिशीचा मोसम असतो.

तो आला की मला एकच चैत्र आठवतो. खराडीतला, माझ्या स्वतःच्या नोटिशीचा.

खराडीची ती कंपनी दुसऱ्यांची दुकानं सांभाळायची. म्हणजे इंटरनेटवरची. कुणाचं इस्पितळ, कुणाची शाळा, कुणाचा चपला-बुटांचा धंदा. त्यांच्या वेबसाइट आणि ॲप आम्ही बांधायचो, आणि बिघडलं की दुरुस्त करायचो. अनघाच्या आणि माझ्या वाट्याला एका थंड देशातलं फर्निचरचं दुकान आलं होतं. त्या दुकानातल्या एकाही खुर्चीला आमचा हात लागलेला नव्हता, पण कुठल्या खुर्चीचा फोटो उघडायला उशीर होतो, हे आम्ही झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

अनघा नारायण पेठेतली. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, “इथे बसू का?” तर मान वर न करता म्हणाली, “खुर्ची बसायलाच असते.” मी विश्रांतवाडीची. आमच्याकडे एवढ्या कमी शब्दांत भांडणसुद्धा उरकत नाही. मला वाटलं, झालं, हिच्याशेजारी आपला महिनाही निघायचा नाही. नऊ वर्षं निघाली.

त्या नऊ वर्षांत कामाबद्दल आम्ही जेवढं बोललो असू, त्याच्या दुप्पट डब्याबद्दल बोललो. चैत्र लागला की ती आंबेडाळ आणायची, आणि ती माझ्यासाठी वेगळ्या डबीत असायची, का, तर “तू चमचा घातलास की मला काही उरत नाही.” माझ्या डब्यात कधी आईची सुकटीची चटणी असली की अनघा आधी आजूबाजूला बघायची, मग भाकरीचा एक तुकडा त्या चटणीला लावून तोंडात टाकायची आणि म्हणायची, “मी हे खाल्लेलं नाहीये, लक्षात ठेव.” मी लक्षात ठेवायची. बाहेर ऊन मी म्हणत असे आणि आमच्या मजल्यावर एसी इतका की आम्ही दोघी भर एप्रिलमध्ये शाली पांघरून जेवायचो.

मी का सोडलं, असं लोक अजून विचारतात. भांडण नव्हतं, छळ नव्हता. दर वर्षी पगारवाढीच्या बैठकीत आमचे मॅनेजर देशमुख सर मला मनापासून सांगायचे, “प्रज्ञा, तुम्ही या टीमचा कणा आहात.” पहिली दोन-तीन वर्षं मी खूश होऊन घरी पेढे नेले. पुढे लक्षात आलं, की कण्याला कुणी जागचं हलवत नाही. नवी कामं नव्या पोरांना, परदेशवाऱ्या दुसऱ्यांना, आणि मी आपली त्या फर्निचरच्या दुकानाच्या दाराशी, काही मोडलं का बघत. हिंजवडीला एका कंपनीत नवी टीम बांधायला माणूस हवा होता. मी अर्ज केला आणि त्यांनी घेतलं. मला भीतीही वाटली आणि आपण अजून कुणाला हवे आहोत याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

अनघाला मी सगळ्यांत आधी सांगितलं. देशमुख सरांच्याही आधी. ती डब्याचं झाकण काढत होती.

“बरं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “लोणचं हवंय?”

बस, एवढंच. मी रात्रभर वाक्यं जुळवून आले होते, ती सगळी तशीच राहिली.

आमच्या बाबांना हे नोटीस प्रकरण काही केल्या समजेना. त्यांनी सरकारी कारखान्यात भांडारात अख्खं आयुष्य काढलं. “म्हणजे जाणार आहेस हे सांगून टाकलं, आणि तरी दोन महिने रोज तिथेच जायचं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग ते तुझ्याशी बोलतात तरी का?” बाबांचा प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर मला त्याच दोन महिन्यांत मिळालं, आणि ते मला मुळीच अपेक्षित नव्हतं.

लोक बोलायला लागले होते. नऊ वर्षांत बोलले नव्हते इतके.

जाणारा माणूस मोठा सोयीचा असतो. त्याला सांगितलेलं वर जात नाही, खाली जात नाही, त्याच्याबरोबर गेटाबाहेर निघून जातं. मी पॅन्ट्रीत चहाचा कप धरून उभी राहिले की कुणी ना कुणी शेजारी येऊन उभं राही, आणि इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर येई. दर वर्षी कंपनी आम्हाला विचारायची, ‘इथे काम करताना तुम्हाला कसं वाटतं?’ एक ते पाचमध्ये उत्तर द्यायचं, आणि नाव गुप्त राहील असं वर ठळक लिहिलेलं. ते ठळक अक्षर वाचूनच सगळे चारवर खूण करायचे. खरं उत्तर मला त्या पॅन्ट्रीत ऐकायला मिळालं.

निखिल नावाचा एक तरुण प्रोग्रामर होता, नदीपलीकडच्या मांजरी गावचा. इतर वेळी तो इंग्रजीशिवाय बोलत नसे. त्या दिवशी मला खिडकीशी घेऊन गेला. “मॅडम, ती पाण्याची टाकी दिसतीय का? तिच्या अलीकडं हिरवं हाय ना, त्यो आमचा ऊस. दोन बाजूंनी टॉवर आलेत आता. आजोबा रोज विचारतात, कंपनीत काय करतोस. मी म्हणतो, वेबसाइट नीट चालतीय का बघतो. ते म्हणतात, मंजी राखण करतोस. बरोबरच हाय की वो.” मी म्हटलं, मग वाईट वाटतं का? “छ्या. वाईट नाही वाटत,” तो म्हणाला. “पर उसाची राखण केली तर ऊस आपला असतोय.”

देशमुख सरही आले. त्यांनी आधी दोन वेळा एसीच्या थंडीविषयी तक्रार केली, मग म्हणाले, “मीही एकदा राजीनामा लिहिला होता. मुलीची दहावी होती. मग म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.” मुलगी आता नोकरीला लागली होती. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जी माया वाटली, ती ‘कणा’ म्हणताना कधी वाटली नव्हती.

आणि गंमत म्हणजे कुणीच कंपनीला नुसत्या शिव्या घालत नव्हतं. या नोकरीने घर दिलं, असं सांगत. आईचं ऑपरेशन झालं, असं सांगत. इथली माणसं चांगली आहेत, हे तर प्रत्येकजण सांगे. फक्त कुठेतरी एक खंत असायची, की आपण इथे आहोत हे इथल्या भिंतींना माहीत नाही. उद्या आपण उठून गेलो तर खुर्ची गरम असतानाच दुसरा येऊन बसेल. मी ऐकून घ्यायची. माझ्याही मनात तेच होतं, फक्त त्यात एक नाव होतं. नऊ वर्षं जिच्या शेजारी बसले, ती माझी मैत्रीण होती की नुसती शेजारची खुर्ची? लॅपटॉप परत दिल्यावर त्यातलं काही उरणार होतं का? ही भीती मला नव्या नोकरीच्या भीतीपेक्षा मोठी होती. आणि जिला विचारायचं, ती तेवढी बोलत नव्हती.

बोलत होती, पण फक्त केटीत.

केटी हा आमच्या धंद्यातला एक विधीच म्हणायचा. नॉलेज ट्रान्स्फर, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम राहणाऱ्याला समोर बसवून शिकवायचं. शिकणाऱ्याने शेवटी ‘मला सगळं समजलं’ असं कळवलं की जाणाऱ्याची सुटका. ते कळवल्याशिवाय कंपनी सोडत नाही. माझी केटी घ्यायला देशमुख सरांनी अनघाला नेमलं, आणि ते साहजिकच होतं. अर्धं काम तिला आधीच येत होतं. मला वाटलं, आठवड्याभरात उरकेल.

रोज दुपारी आम्ही छोट्या मीटिंगच्या खोलीत बसायचो. मी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायची, ती ऐकायची. मी सांगितलं, की तिकडच्या दुकानात इंग्रिड नावाच्या बाई आहेत. त्यांचा फोन आला की पहिल्यांदा तिकडच्या हवेची चौकशी करायची. त्या बर्फाला मनसोक्त नावं ठेवतील, आणि मग काय बिघडलंय ते सांगतील. हवा विचारली नाही तर सगळं ठीक आहे म्हणून फोन ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबाची तक्रार येते.

“हे कुठल्या रकान्यात भरू?” अनघाने विचारलं.

“कुठल्याच नाही. लक्षात ठेव.”

“समजलं नाही. परत सांग.”

मी परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरं काही सांगितलं, ते तिला समजलं नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं समजलं नाही. जी बाई एकदा वाचून कुठलाही गुंता सोडवायची, ती एकेका गोष्टीला “हे जरा अवघड आहे” म्हणायला लागली. गुढीपाडवा गेला. जयंतीच्या आठवड्यात मी रजा घेतली; आमच्या विहारात वाचनालयाची मांडामांड दर वर्षी बाबा आणि मी करतो. परत आले तर अनघा म्हणाली, “मधे खंड पडला. आता पहिल्यापासून घ्यावं लागेल.” तोवर नदीकडच्या रस्त्यावरचे नीलमोहर भरात आले होते, आणि आमची गाडी अजून पहिल्याच स्टेशनात. मला वाटायला लागलं, की ती माझा सूड घेतेय.

“अगं, मठ्ठ आहेस का?” मी एकदा वैतागून म्हटलं.

“असेन,” ती म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात देशमुख सरांनी मला बोलावलं. “अनघांनी अजून कळवलेलं नाही. त्याशिवाय तुमची सुटका पुढे ढकलावी लागेल, आणि तिकडे तुमची रुजू व्हायची तारीख ठरलीय. आपण जरा बोलता का त्यांच्याशी?”

मी तावातावाने त्या खोलीत गेले. अनघा बसलेली होती, शाल पांघरून. “काय राहिलंय ते एकदा सांग,” मी म्हटलं.

 ती पडद्याकडे बघत म्हणाली, “सकाळी आल्यावर तो पहिला तक्ता उघडतो ना, रात्रीत किती गिऱ्हाइकं आली त्याचा. तो कसा वाचायचा?”

तो तक्ता अनघानेच बनवला होता. मी त्या कंपनीत नवीन असताना, तो कसा वाचायचा हे मला तिनेच शिकवलं होतं. माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लावून, पेन्सिलीच्या टोकाने एकेक आकडा दाखवत, आणि मला समजेना तेव्हा न चिडता.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.  मी खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली, आणि तक्ता उघडून पहिल्या रकान्यापासून सावकाश सांगायला लागले. हा वेळ. ही आलेली माणसं. ही काही न घेता गेलेली. तिने एकदाही मधे तोडलं नाही. सांगून झालं तेव्हा बाहेर उतरतं ऊन होतं, आणि नदीपलीकडे निखिलचा ऊस पिवळसर दिसत होता.

“कळलं,” अनघा म्हणाली. “सगळं कळलं. जा आता.”

तिने लॅपटॉप मिटला. मी रडले. ती रडली नाही, तिने तिच्या शालीचं एक टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाली, “नाक पुसू नकोस, डोळे पूस.”

जाताना कंपनीने मलाही तो प्रश्न विचारला, आम्ही तुम्हाला कसे वाटलो म्हणून. एक ते पाच. मी चारवर खूण केली. एच.आर.च्या त्या मुलीला आणखी काय सांगणार होते? घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, “आम्हाला निघताना शाल आणि नारळ दिला होता. तुम्हाला काय दिलं?” मी म्हटलं, केक. त्यांना फार वाईट वाटलं.

पुढे जे सगळ्यांचं होतं तेच आमचंही झालं. खराडी आणि हिंजवडी ही शहराची दोन टोकं. आधी दर रविवारी फोन, मग सणाला, मग नुसते फोनवर पाठवलेले गुढीचे फोटो. मला नव्या टीमने गिळून टाकलं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. हे आपलं हळूहळू विझत गेलं. ती जुनी भीती अधूनमधून डोकं वर काढायची. होती तेवढी खुर्चीपुरतीच होती की काय.

या वर्षी नीलमोहर फुलला, आणि अनघाचा फोन आला.

“मला नोटीस आहे,” ती म्हणाली.

मला आनंदच झाला. “कुठे चाललीस?”

“घरी. त्यांनी सांगितलं, आता तुमची जागा लागणार नाही. तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे पुढे कुठे बोलायला बरं पडेल.” नारायण पेठेतला तो कोरडा आवाज तसाच होता. “दिला. केक कुठला हवा तेही विचारलं मला.”

 मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, केटी चालू झाली का.

“झाली. संपलीसुद्धा,” ती म्हणाली. “दोन दिवसांत. मुलगा हुशार आहे, नम्र आहे. माझ्या सगळ्या फायली त्याने त्या एआयला वाचायला दिल्या. मला म्हणाला, ‘मॅम, आय हॅव एव्हरीथिंग. तुम्ही आता रिलॅक्स करा.’”  आणि मग तिने जे सांगितलं, तसं मनातलं त्या नऊ वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं. “प्रज्ञा, अजून महिना आहे माझा. मी रोज जाते, शाल पांघरून बसते. कुणी काही विचारत नाही गं.”

रविवारी मी पीएमपीच्या बसने नारायण पेठेत गेले. चैत्रातली दुपार, गल्लीत सामसूम. अनघा बारीक दिसत होती. तिने डबी पुढे केली, आंबेडाळीची, वेगळी. मी माझ्या पिशवीतून आईची चटणी काढली. तिने दाराकडे एकदा बघून बोट बुडवलं आणि चाटलं. “हे मी...” “खाल्लेलं नाहीयेस,” मी म्हटलं.

मग मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली. “सांग,” म्हटलं.

“काय सांगू?”

“तुझं काम. केटी दे मला.”

“तुला येतं ते.”

“जुनं येतं. मधे काय काय बदललं, मला काय माहीत? पहिल्यापासून सांग.”

 ती डबी बाजूला सारून टेबलावर बोटाने रकाने ओढायला लागली, आणि सांगायला लागली. आधी अडखळत, मग नेहमीसारखी भराभर. सकाळचा तक्ता तिने कसा नव्याने मांडला. कुठली खुर्ची अजूनही उशिरा उघडते. इंग्रिडबाई गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाल्या, आणि शेवटच्या फोनवर त्यांनी आधी पुण्याची हवा विचारली, मग माझी चौकशी केली. “हे त्या पोराच्या फायलीत कुठेच नाहीये,” अनघा म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, आणि ती तो लपवत नव्हती. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तिच्या सासूबाई उठल्या, चहा झाला, आणि ती सांगतच राहिली.

“झालं,” ती शेवटी म्हणाली. “एवढंच होतं. कळलं?”

मला सगळं कळलं होतं. त्या खोलीत ती माझ्यासमोर रोज दुपारी काय करत बसली होती, तेही आज पुरतं कळलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “परत सांग.”

“मठ्ठ आहेस,” अनघा म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.